काढा घेता? मग डॉक्टरांना सांगा

‘हृदय कमजोर झाले आहे’ असे कळले की आपल्याकडे घरात दोन औषधे सुरू होतात. एक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे, दुसरे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सुचविलेले. हे दुसरे बहुधा अर्जुनाच्या सालीचा काढा असतो. गोंदिया जिल्ह्याला हे झाड नवे नाही. टसर कोशाच्या अळ्या याच्याच पानांवर पोसतात. काढा घेणे हा काही गुन्हा नाही. पण तो डॉक्टरांपासून लपविणे आणि त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करणे जिवावर बेतू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हृदय निकामी होणे म्हणजे ते बंद पडणे नव्हे. रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी होते. अंगात पाणी साठते, पाय सुजतात, चालताना धाप लागते, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो. पुष्कळ लोक याला दमा समजतात.

अर्जुनाचा हृदयरोगातील उपयोग चक्रपाणिदत्तांनी अकराव्या शतकात सांगितला आहे. १९९५ साली इंदूरच्या डॉक्टरांनी १२ गंभीर रुग्णांना चालू गोळ्यांच्या जोडीला सालीचा अर्क दिला, तेव्हा सुधारणा दिसली. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, १०० रुग्णांवरील भारतीय चाचणीत १२ आठवड्यांनंतरही हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता वाढलेली आढळली नाही. चीनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवर वनौषधींच्या एका मिश्रणाची चाचणी झाली. २०२४ च्या त्या अहवालात मृत्यू व रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. मात्र तेथेही नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या, हे विसरू नये.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हाही गैरसमजच. डिजॉक्सिन हे हृदयाचे औषध डिजिटॅलिसच्या झाडापासूनच मिळाले. १७८५ साली विदरिंग या इंग्रज डॉक्टरने त्याचे गुण लिहिले, तसेच मात्रा जास्त झाल्यास होणारा अपायही लिहिला. घरच्या काढ्यात ही मात्रा कोण मोजणार? खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध घेतले तर रक्तदाब वाढू शकतो, पोटॅशियम घटते. लघवीच्या गोळीनेही ते घटते. अशा वेळी डिजॉक्सिन चालू असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते. अर्जुनारिष्टात गूळ आणि मोहफुले असतात, आंबवल्याने मद्यार्कही तयार होतो. मधुमेह्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

रुग्ण लपवितो, याला आम्ही डॉक्टरही जबाबदार आहोत. काढ्याचे नाव काढताच जो रागावतो, त्याला पुढल्या वेळी कोण खरे सांगेल? वैद्य आणि डॉक्टर यांनी एकमेकांना नावे ठेवल्याने रुग्णाचा श्वास मोकळा होत नाही. ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न प्रत्येक तपासणीत शांतपणे विचारला गेला पाहिजे.

वाचकहो, दवाखान्यात जाताना काढ्याची पुडी, अरिष्टाची बाटली, सारे पिशवीत घालून न्या. सूज उतरली म्हणून गोळी सोडू नका. बहुधा गोळीमुळेच ती उतरलेली असते. लोणचे, पापड, सुकी मासळी कमी करा. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगातले पाणी समजा. तेव्हा काढा वाढवीत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.