लाल हातमोजे आणि तीन टक्के



या अंकाचं संपादकीय युरोपच्या सामायिक आर्थिक धोरणावर लिहायचं ठरलं, तेव्हा बैठकीत एकीने विचारलंच, "इथले प्रश्न संपले का?" प्रश्न रास्त आहे. पण देशोदेशींचे अर्थमंत्री एकत्र बसून खर्चाला कात्री लावतात, तेव्हा ती प्रथम कुणाच्या पदरावर चालते, हे युरोपात फार स्वच्छ दिसतं. म्हणून हा विषय आपलाही आहे.

या एकोप्याच्या पायातच बाईच्या मजुरीचा प्रश्न होता. १९५७ च्या रोम कराराचं ११९ वं कलम म्हणत होतं, समान कामाला समान वेतन. हे कलम आलं ते स्त्रियांच्या प्रेमापोटी नव्हे. शेजारच्या देशांत बायका स्वस्तात राबतात, त्यामुळे आपला माल महाग ठरेल, ही फ्रेंच कारखानदारांची भीती त्यामागे होती. पुढे कलम कागदावर राहिलं. १९६६ मध्ये बेल्जियममधल्या हर्स्टालच्या शस्त्र कारखान्यातल्या सुमारे ३,००० कामगार स्त्रियांनी त्याच कलमाचा आधार घेऊन बारा आठवडे संप केला. चाळिशी गाठली म्हणून नोकरीतून काढलेली हवाई सेविका गाब्रिएल दफ्रेन कोर्टात गेली, आणि पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार मिळाल्याच्या तिच्या दाव्यावर १९७६ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, की या कलमाच्या जोरावर कुठल्याही स्त्रीला थेट न्याय मागता येईल. म्हणजे कलम पुरुषांनी लिहिलं, त्यात जीव बायकांनी भरला.

१९९२ मध्ये मास्ट्रिख्तचा करार झाला. त्याने दोन गोष्टी एकदम केल्या: सामायिक चलनाचा पाया घातला आणि सामायिक परराष्ट्र धोरणाची घोषणा केली. पैशाबाबत नियम कडक. सरकारची वार्षिक तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत आणि कर्ज ६० टक्क्यांच्या आत हवं. परराष्ट्र धोरणाबाबत मात्र सगळे राजी झाले तरच पाऊल पुढे.

या कडक नियमाचा अर्थ ग्रीसच्या बायकांना विचारावा. २०१० नंतर कर्जात बुडालेल्या ग्रीसला युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी या तिघांच्या देखरेखीखाली कर्ज मिळालं, ते सरकारी नोकर कमी करण्याच्या अटीवर. सप्टेंबर २०१३ मध्ये अर्थ खात्याच्या ५९५ सफाई कामगार स्त्रियांना घरी पाठवलं गेलं. ज्या खात्याने तुटीचा हिशेब मांडला, त्याच खात्याच्या फरशा पुसणाऱ्या या बायका. लाल रबरी हातमोजे हीच त्यांनी आपली निशाणी केली, मंत्रालयाच्या दाराशी ठाण मांडलं, पोलिसांचा मार खाल्ला, आणि २०१५ मध्ये सरकार बदलल्यावर कामावर परतल्या.

ज्यांच्या नोकऱ्या जातात त्या तर दिसतात. पण पाळणाघर बंद झालं, दवाखान्यातल्या खाटा कमी झाल्या, तर ते काम थांबत नाही. ते घरी येतं. आजारी सासूची शुश्रूषा, पोरांचं सांभाळणं बाई बिनपगारी करते आणि सरकारच्या वहीत बचत झाल्याची नोंद होते.

आता दुसरी बाजू, परदेशातल्या संकटांची. १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागला, तेव्हा हा प्रश्न आपण सोडवू, असं युरोपचे नेते आत्मविश्वासाने सांगत होते. पुढे बोस्नियात बलात्कार हे युद्धाचं हत्यार झालं. बारा देशांनी पाठवलेल्या वॉरबर्टन पथकाने १९९३ मध्ये अत्याचारित मुस्लिम स्त्रियांची संख्या अंदाजे २०,००० सांगितली. अहवाल आला, पण कत्तल थांबली नाही. फोचा गावातल्या स्त्रिया हेगच्या लवादापुढे उभ्या राहून बोलल्या, तेव्हा कुठे २००१ मध्ये गुन्हेगारांना शिक्षा झाली.

त्याच वर्षी युरोपने युद्धातून पळालेल्यांना तात्पुरतं संरक्षण देण्याचा नियम केला. २०१५ मध्ये सीरियातून माणसं आली, तेव्हा तो वापरला नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी प्रथमच वापरला. लाखो स्त्रिया मुलांना घेऊन आल्या, त्यांना कामाचा, शाळेचा, औषधपाण्याचा हक्क मिळाला. हे चांगलंच झालं. पण पोलंडमध्ये पोचलेल्या बलात्कारित स्त्रीला गर्भपातासाठी सरकारी वकिलाचा दाखला लागत होता. सीमा उघडली, तरी शरीरावरचा पहारा तसाच राहिला.

नियम बदलता येत नाहीत, असं आपल्याला नेहमी सांगितलं जातं. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा तुटीचे नियम बाजूला ठेवून युरोपने ७५० अब्ज युरोंचा सामायिक निधी उभा केला. मार्च २०२५ मध्ये आयोगाने सुचवलं, की संरक्षणावरच्या वाढीव खर्चासाठी देशांना मर्यादेतून सूट द्यावी. म्हणजे रणगाड्यासाठी तीन टक्क्यांची रेघ पुसता येते. मग पाळणाघरासाठी का नाही? २०१९ मध्ये आयोग आणि मध्यवर्ती बँक या दोन्हींच्या प्रमुखपदी प्रथमच स्त्रिया आल्या. आनंद आहे. पण त्यांपैकी क्रिस्तीन लागार्द ग्रीसच्या सफाई कामगारांना काढलं तेव्हा नाणेनिधीच्या प्रमुख होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. खुर्चीत बाई बसली म्हणून वही बदलत नाही.

तीन टक्क्यांचा हाच आकडा आपल्याकडे २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्याबरोबर आला. आणि अंगणवाडी सेविकेला अजून वेतन नाही, मानधन आहे. तेव्हा पुढच्या वेळी तूट कमी झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा आपापल्या गटात एकच प्रश्न टाका: हे वाचलेले पैसे कुणाच्या कष्टातून आले? उत्तरं आम्हाला जरूर लिहून कळवा.