प्यासिना नदीचं काय झालं?

मोबाइलवर नकाशा उघडा आणि सायबेरियात अगदी वर जा. तायमिर द्वीपकल्पाच्या पश्चिमेला प्यासिना नावाची नदी दिसेल. प्यासिनो सरोवरातून निघून, वळसे घेत सुमारे 818 किलोमीटरवर ती कारा समुद्राला मिळते. उत्तरेला जावं तशी झाडं संपतात. उरतं शेवाळ, दगडफूल, खुरटी झुडपं. हाच टुंड्रा. शाळेत आपण एका परिच्छेदात उरकलेला.

आपल्या नद्या पावसाने फुगतात, ही बर्फ सुटल्यावर. त्यातही गंमत बघा. ती उत्तरेला वाहते, म्हणजे वरच्या अंगाचा बर्फ आधी सुटतो, मुखाशी मात्र अजून घट्ट असतो. पाणी अडतं, पसरतं. मुरायलाही जागा नाही, कारण वरचा थोडासा थर सोडला तर खालची जमीन बारमाही गोठलेली. म्हणून पाऊस फार नसूनही जिकडेतिकडे तळी आणि दलदल.

याच जमिनीवर खांब रोवून नोरिल्स्क हे शहर उभं राहिलंय. कशासाठी? निकेल आणि पॅलेडियम. (तुमच्या स्टीलच्या डब्यातही निकेल असतं बरं का.) उरलेल्या रशियातून तिथे रस्ता नाही, रेल्वेही नाही. 29 मे 2020 रोजी तिथल्या वीजकेंद्राची डिझेलची टाकी फुटली. 20 हजार टनांहून जास्त डिझेल सांडलं, त्यातलं बरंचसं दाल्दिकान आणि अंबरनाया नद्यांत गेलं. पाणी लाल झालं. आणि अंबरनाया जाते कुठे? त्याच प्यासिनो सरोवरात.

कंपनीने वितळत्या जमिनीकडे बोट दाखवलं. आम्हाला विचाराल तर हे फार सोयीचं उत्तर. आर्क्टिक तापतंय, जमीन नरम होतेय, हे खरंच. पण सरकारी तपासात टाकीच्या बांधकामातल्या आणि देखरेखीतल्या त्रुटीही निघाल्या. हवामानबदल हा असा सगळ्यांच्या वतीने दोषी ठरत गेला, तर जबाबदार माणसं सुटतात. 2021 मध्ये न्यायालयाने सुमारे 146 अब्ज रुबल भरायला लावले. निकालानुसार त्यातले जवळपास सगळे केंद्राच्या तिजोरीत. मासे आणि रेनडिअरवर जगणारे डोल्गान, नेनेत्स, न्गानासान लोक मात्र त्या तिजोरीपासून हजारो किलोमीटर दूर, नदीकाठी.

युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात. मे 2020 च्या शेवटच्या आठवड्याचं आणि 1 जूनचं चित्र शेजारी ठेवा. अंबरनाया शोधायला वेळ लागणार नाही.