खोडदची शांतता आणि जुन्नरची रेल्वे

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचा टोमॅटो मुंबईकरांना ठाऊक असतो, तिथल्या तमाशाच्या राहुट्याही. शेजारच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण मात्र गिरगाव-दादरच्या कितीजणांनी पाहिली असेल? खरं तर तिचं मूळ मुंबईचं. होमी भाभांच्या बोलावण्यावरून गोविंद स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. कुलाब्याच्या या संस्थेनं आधी कल्याणला छोट्या अँटेना उभारल्या, १९७० मध्ये उटीची दुर्बीण आणि पुढे खोडद. इथं ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत.

त्या ऐकतात हायड्रोजन. या वायूच्या अणूतून १४२० मेगाहर्ट्झची रेडिओलहर निघते. विश्व प्रसरण पावत असल्यानं प्रवासात ती ताणली जाते, वारंवारता उतरते. वर्णपटात ही लहर किती खाली सरकली ते मोजलं, की दीर्घिका किती लांब ते कळतं. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेला, एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनकडून ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला संदेश खोडदला सुमारे ६२० मेगाहर्ट्झवर सापडला. तोही वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं जवळपास तीसपट उजळला म्हणून!

इतक्या क्षीण लहरीला मोबाईलचा टॉवर किंवा विजेवर धावणारी रेल्वेही जड जाते. शिवाय आठ अब्ज वर्षं जुना हायड्रोजन ज्या ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास सापडतो, तोच पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाईल सेवेसाठी विकला गेला.

म्हणूनच पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग दुर्बिणीपासून दूर नेण्याची केंद्राची भूमिका योग्य आहे. अशी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. रूळ वळवता येतात.

पण वळवलेल्या रुळांची किंमत मूळ मार्गावरच्या, आता वगळल्या जाणाऱ्या एकट्या राजगुरुनगर, मंचर, नारायणगावनं का मोजावी? या गावांनी वर्षानुवर्षं रेल्वेची वाट पाहिली आहे. आता त्यांना देशासाठी त्याग करायला सांगून मोकळं होणं अन्यायाचं ठरेल. दुर्बिणीला बाधा न येईल असा जोडमार्ग शोधायला हवा, आणि त्याचा वाढीव खर्च केंद्रानंच उचलायला हवा.

मुंबईकरांनीही एकदा खोडद गाठावं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनानिमित्त तिथं प्रदर्शन भरतं, दुर्बीण सर्वांना पाहता येते. जाताना मोबाईल तेवढा बंद ठेवा.