आपले येणे की आपल्याकडून येणे?

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या लहानशा फार्मसीतून घोलवडच्या एका औषधविक्रेत्यास वसुलीचे पत्र गेले. त्यातील मुख्य वाक्य असे होते : 'आपले रु. ४,२०० येणे आहेत, तरी त्वरित निकाल लावावा.' आठवड्याने उत्तर आले, तेही अतिशय सौजन्याचे. 'आपण म्हणता त्याप्रमाणे आमचे येणे असल्यास ते पुढील मालात वळते करून घ्यावे.' प्रथम आम्हांस राग आला. स्थळप्रत पुन्हा वाचली तेव्हा तो ओसरला. 'आपले' हा शब्द समोरच्याविषयी आदराने चालतो, तसाच स्वतःविषयीही चालतो. येणे कोणाचे आणि कोणाकडून, हे आम्ही लिहिलेच नव्हते. 'आपल्याकडून आम्हांस रु. ४,२०० येणे आहेत', एवढे लिहिण्यास कितीसा वेळ लागला असता?

संहितेतील एका पदाच्या अर्थावर आपण वैद्यमंडळी तासन् तास वाद घालतो. मागणीपत्र, बिल आणि रुग्णास द्यावयाची चिठ्ठी मात्र हाताला येईल त्या शब्दांत लिहितो. डहाणू-तलासरीच्या सीमाभागात ही सवय विशेष महाग पडते. येथे मागणी मराठीत सांगितली जाते, ती लिहून घेणारा कारकून पुष्कळदा गुजराती असतो आणि माल वापी-वलसाडकडून येतो. आपला ओवा तिकडे 'अजमो' होतो. पत्रात ते घाईने 'अजमोदा' झाले की निराळेच बीज घरी येते. नुसते 'शेपा' लिहिले तर बाळंतशेप हवी की बडीशेप, हे दुकानदाराने कसे ओळखावे? बाळंतशेपेला तो 'सुवा' म्हणतो आणि बडीशेपेला 'वरियाळी'. घेटुळीची 'साटोडी' होते, वेखंडाचे 'घोडावज'.

यावर संस्कृत नाव लिहावे, असे कोणी म्हणेल. पण 'अमृता' म्हणजे गुळवेल, तशीच हरीतकीही. 'ब्राह्मी' लिहून मंडूकपर्णी मिळाल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. आमचे मत असे की, संस्कृत व प्रचलित नाव, उपयुक्त अंग आणि ओले की वाळलेले, या चारही गोष्टी प्रत्येक ओळीत याव्यात. 'गुडूची, गुळवेल, खोड, वाळलेले, ५ किलो' या ओळीत शंकेला जागा राहत नाही. अलीकडे बहुतेक मागण्या मोबाइलवरून रोमन अक्षरांत जातात. त्यात 'ळ' आणि 'ल' यांतला भेदच नाहीसा होतो. वाळा मागितला की वाल, हे वाचणाऱ्याच्या तर्कावर राहते.

सर्वांत अधिक काळजी आम्हांस 'शुद्ध' या शब्दाची वाटते. आपल्या शास्त्रात शुद्ध म्हणजे ज्यावर शोधनसंस्कार झाला आहे ते द्रव्य. बाजारात शुद्ध म्हणजे निर्भेळ. 'शुद्ध भल्लातक २ किलो' असे पत्र वखारीत गेले की व्यापारी प्रामाणिकपणे उत्तम, अस्सल, कच्चा बिब्बा तोलून देतो. आमच्या एका स्नेही वैद्यांकडे अशी पिशवी आली. तेलाने काळे झालेले फडके पाहून त्यांनी ती ओळखली म्हणून निभावले. विटेच्या चुऱ्यात घोळलेला बिब्बा असा दिसत नाही, हे नवख्या मदतनिसास ठाऊक असेलच असे नाही. तेथे 'शोधित' लिहावे आणि मूळ द्रव्य हवे असेल तर 'अशोधित' असे स्पष्ट लिहावे. औषध नियम, १९४५ मधील १६१ व्या नियमानुसार, अनुसूची ई (१) मधील विषद्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. भल्लातक आणि वत्सनाभ ही दोन्ही त्या यादीत आहेत. त्याच वेष्टनावर 'शुद्ध' हा शब्द वाचून ग्राहक निश्चिंत होतो, हा विरोधाभास आपण कधी ध्यानात घेतला आहे काय?

ऱ्हस्व-दीर्घाविषयी आम्ही फार कडक नाही. मागणीपत्रात 'हरितकी' लिहिली तरी हिरडाच येतो. छापील लेबलाची गोष्ट वेगळी. ती चूक हजार वेळा छापली जाते. सूत म्हणजे पारद आणि सुत म्हणजे मुलगा. तेव्हा 'सुतशेखर' नको. सुटा शब्द 'अग्नी' असला तरी समासात 'अग्निमांद्य'च लिहावे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये १४ झाले, १९७२ मध्ये त्यांत ४ ची भर पडली. एवढे १८ नियम छापखान्यात जाण्यापूर्वी एकदा चाळणे जड नाही.

रुग्णाच्या चिठ्ठीत मात्र आम्ही कडकच आहोत. 'सकाळी व रात्री जेवणानंतर २ गोळ्या' या वाक्यात गोळ्या दिवसाला दोन की चार? सकाळची मात्रा जेवणाआधी की नंतर? घरात वारली बोलणाऱ्या तलासरीच्या रुग्णास छापील मराठी ही शाळेची भाषा असते आणि चिठ्ठी बहुधा घरातले शाळकरी मूल वाचते. त्या मुलापुढे 'प्राग्भक्त' आणि 'कोष्णजल' ठेवून आपण काय साधतो? 'सकाळी जेवणानंतर २ गोळ्या. रात्री जेवणानंतर २ गोळ्या. कोमट पाण्याबरोबर.' वाक्ये तीन झाली तरी चालेल, कागद तेवढाच लागतो.

दोन्ही तालुक्यांतील सभासदांनी मिळून नेहमीच्या शंभर द्रव्यांची मराठी, गुजराती व संस्कृत नावे उपयुक्त अंगासह एका तक्त्यात मांडावीत, अशी आमची सूचना आहे. तो तक्ता प्रत्येक औषधालयाच्या भिंतीवर आणि प्रत्येक पुरवठादाराच्या गादीजवळ लावता येईल. पहिली वीस नावे आम्ही लिहून ठेवली आहेत.

घोलवडचे आमचे येणे दुसऱ्या पत्रानंतर मिळाले. सोबतच्या चिठ्ठीत 'आपले पैसे पाठवीत आहे' असे लिहिले होते. या वेळी अर्थाविषयी शंका आली नाही, कारण चिठ्ठीला धनादेश टाचलेला होता.