मसाल्याची यादी आणि मशीनची इमेज



ईदनंतरच्या आठवड्यात माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले होते. चहा-नाश्ता झाला, मोठ्यांच्या गप्पा झाल्या आणि मुलाच्या आईने प्रेमाने विचारलं, "बेटी, कंपनीत नेमकं काय काम करतेस?" भाची म्हणाली, "क्लाउडमधल्या मशीनच्या इमेज बनवते." बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे फोटो काढतेस का?"

सगळे हसले, तीही हसली. पाहुणे गेल्यावर मात्र स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "खाला, चार वर्षं नोकरी करतेय. मी काय करते ते घरात कुणालाच माहीत नाही. अब्बूंना एवढंच ठाऊक आहे की मी रात्री जागते."

हे बोलणं मला लागलं. आपल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आज असं काम करतात. पगार किती ते आपण विचारतो, काम काय ते विचारत नाही. म्हणून मी दोन दिवस तिच्या शेजारी वही घेऊन बसले. शिक्षिकेने विद्यार्थिनी होण्यात कमीपणा कसला? जे समजलं ते या महिन्यात तुमच्यापुढे ठेवते.

क्लाउड म्हणजे मोठमोठ्या इमारतींमध्ये ठेवलेले, भाड्याने मिळणारे संगणक. अॅमेझॉनने मुंबईत २०१६ मध्ये आणि हैदराबादेत २०२२ मध्ये आपली अशी केंद्रं सुरू केली. तिथल्या एका दांडग्या संगणकाचे सॉफ्टवेअरने भाग पाडतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा चालतो. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका मोठ्या घरात भिंती घालून खोल्या भाड्याने द्याव्यात, तसं. गिऱ्हाइकं वाढली की कंपनी दहा मशीन सुरू करते, गर्दी ओसरली की बंद करते.

आता प्रत्येक नवं मशीन कोरं असेल तर? त्यावर सगळं सामान बसवायचं, सेटिंग करायची, सुरक्षेचे अपडेट घालायचे. तोवर गिऱ्हाईक निघून जाईल. म्हणून एक मशीन नीट तयार करून त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत ठेवतात. ती प्रत म्हणजे इमेज. तिच्यावरून हवी तेवढी मशीन काही मिनिटांत उभी राहतात. तर बाईंना सांगायला हवं, ही तसवीर नव्हे. ही बरणीत भरून ठेवलेला वर्षाचा मसाला आहे.

उन्हाळ्यात आपण मिरच्या निवडतो, धणे-तीळ भाजतो, डंकावर कुटून आणतो आणि बरण्या भरतो. मग वर्षभर सालन करताना कुणी मिरच्या भाजत बसत नाही. बरणी म्हणजे इमेज, रोजचं सालन म्हणजे मशीन. पण बरणी संपली आणि मसाला करणारी बाई घरात नसली तर? ब्याडगी किती, लवंगी किती, खोबरं किती, हे तिच्या हातालाच माहीत. चव बघून कुणाला प्रमाण सांगता येत नाही.

भाचीच्या आधीच्या कंपनीत हेच झालं. एका हुशार सहकाऱ्याने हाताने एक मशीन तयार केलं, त्याची इमेज घेतली आणि वर्षभराने नोकरी सोडून गेला. पुढे ती इमेज जुनी झाली, सुरक्षेचे अपडेट राहून गेले. नवी करायची म्हटली तर त्यात काय काय घातलंय, कुठली सेटिंग का बदलली, हे कुणालाच सांगता येईना. ही पोर तीन रात्री जागून एकेक फाइल उघडून बघत होती. अब्बूंना दिसलं ते तिचं जागरण. ती शोधत होती हरवलेली यादी.

ती यादी म्हणजेच टेम्पलेट. उर्दूत मी त्याला 'खाका' म्हणेन. त्यासाठी वापरलं जाणारं एक प्रसिद्ध साधन म्हणजे पॅकर. मिचेल हाशिमोतो यांनी ते २०१३ मध्ये आणलं. आधी त्याचे खाके जेसन नावाच्या पद्धतीने लिहीत. आता एचसीएल ही भाषा वापरतात. ती वाचायला सोपी आहे आणि बाजूला टिपणही लिहिता येतं. हे 'अमुक यासाठी घातलं' असं टिपणच मागून येणाऱ्याला खरं उपयोगी पडतं.

खाक्यात मुख्य गोष्टी चार. पहिली, सोर्स: कुठल्या मूळ इमेजवरून सुरुवात करायची, कुठल्या केंद्रात, केवढ्या मशीनवर. दुसरी, प्रोव्हिजनर: त्यावर क्रमाने काय काय करायचं, म्हणजे अपडेट घाला, हे सॉफ्टवेअर बसवा, ती फाइल ठेवा. तिसरी, व्हेरिएबल: वेळेनुसार बदलणाऱ्या किमती, जशी आवृत्ती किंवा केंद्राचं नाव. चौथी, बिल्ड: कुठला सोर्स आणि कुठल्या पायऱ्या एकत्र करायच्या ते.

'पॅकर व्हॅलिडेट' म्हटलं की खाका लिहिण्यात चूक आहे का ते तपासलं जातं. त्यासाठी मशीन सुरू करावं लागत नाही. मग 'पॅकर बिल्ड'. पॅकर क्लाउडमध्ये एक तात्पुरतं मशीन उघडतं, आत शिरायला तात्पुरती किल्ली बनवतं, सगळ्या पायऱ्या करतं, मशीन थांबवून इमेज घेतं आणि मागचा पसारा आवरतं. मधली एखादी पायरी चुकली, तर सहसा इमेज बनतच नाही. अर्धा कच्चा मसाला बरणीत जाण्यापेक्षा हे बरं. अॅझ्युर आणि गूगल क्लाउडसाठीही पॅकरची जोडणी मिळते. सोर्सचा भाग वेगळा लिहावा लागतो, पायऱ्या मात्र बऱ्याचशा त्याच राहतात.

भाचीने चार सावधगिऱ्या सांगितल्या. त्या मी मुद्दाम लिहून घेतल्या.

पहिली: मूळ इमेज कुणाची आहे ते लिहा. 'या नावाची सर्वांत नवी इमेज आण' एवढंच लिहिलं आणि मालकाचा खातेक्रमांक लिहिला नाही, तर तसंच नाव ठेवून कुणी लबाडाने टाकलेली इमेज तुमच्या पायात येऊ शकते. डेटाडॉग कंपनीच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये हा धोका उघड करून दाखवला. आपण गोश्त घेताना दुकान ओळखीचं आहे ना हे बघतो. पाटी वाचून पिशवी पुढे करत नाही.

दुसरी: खाक्यात पासवर्ड लिहू नका. व्हेरिएबलला 'सेन्सिटिव्ह' म्हटलं की तो पडद्यावर झाकला जातो, पण एखाद्या पायरीने तोच फाइलमध्ये लिहिला तर इमेजमध्ये जातो आणि तिथून प्रत्येक मशीनमध्ये. मसाल्याच्या बरणीत कपाटाची किल्ली टाकायची आणि बरणी शेजारणीला द्यायची, त्यातला हा प्रकार. पासवर्ड मशीन सुरू होताना, वेगळ्या सुरक्षित जागेतून द्यावा.

तिसरी: इमेज घेण्याआधी मशीनच्या ओळखखुणा पुसा. लिनक्समध्ये मशीन-आयडी आणि एसएसएचच्या होस्ट-किल्ल्या असतात. त्या राहिल्या तर सगळ्या मशीनची ओळख एकच होऊन बसते. विंडोजमध्ये हे काम सिसप्रेप करतं.

चौथी: हिशेब ठेवा. मुंबईत बनलेली अॅमेझॉनची इमेज हैदराबादेत आपोआप दिसत नाही. तिची प्रत तिथे पाठवायला खाक्यात तसं लिहावं लागतं. आणि जुन्या इमेजमागचे स्नॅपशॉट काढले नाहीत, तर जागेचं भाडं चालूच राहतं. घरी शिकताना मुलांनी हे विसरू नये, बिल वडिलांच्या कार्डावर येतं.

आता तिच्या नव्या कंपनीत महिन्याला नवी इमेज बनते. सुरक्षेचा नवा अपडेट आला की खाका पुन्हा चालवायचा, बनलेली इमेज एका मशीनवर तपासायची, मग बाकीची मशीन बदलायची. खाका चौघांच्या नजरेखालून जातो, कोणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते. ती म्हणाली, "खाला, आता मी रजेवर गेले तरी कुणाचं अडत नाही." मी म्हटलं, "मग तुझी किंमत कमी नाही का झाली?" तिने उत्तर दिलं, "ज्याच्यावाचून अडतं त्याला सुट्टी मिळत नाही. लग्न झाल्यावर मला नोकरी टिकवायची आहे, खाला. काम माझ्या डोक्यात अडकलेलं राहिलं, तर एक दिवस दोन्हींतलं एक सोडावं लागेल."

मी गप्प झाले. शाळेत आमची हजेरीची, निकालाची किती कामं एकाच माणसाच्या डोक्यात असतात! तो माणूस निवृत्त झाला की बाकीचे कपाटं उचकत बसतात. घरीही तेच. कुणाला किती दिले, वडिलांच्या गोळ्या कुठल्या, घराचे कागद कुठल्या पेटीत, हे सगळं एकाच माणसाला माहीत.

कुरआनमधली सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२वी आहे. मुदतीने देणं-घेणं कराल तेव्हा लिहून ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, अशी तिची शिकवण आहे. तिथे विषय कर्जाचा आहे, संगणकाचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण विश्वासातल्या माणसांमध्येसुद्धा लिहून ठेवण्याला आपल्या दीनने एवढं महत्त्व दिलं, ही गोष्ट शिक्षिका म्हणून मला नेहमी विचार करायला लावते. लिहिणं म्हणजे अविश्वास नव्हे. मागून येणाऱ्याचा हक्क आपण त्यातून जपतो.

हा लेख पाठवण्याआधी मी भाचीच्या अब्बूंना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. रात्री दस्तरखानावर मात्र त्यांनी तिला विचारलं, "बेटा, त्या खाक्यात मालकाचा नंबर लिहितेस ना?"

चार वर्षांत तिच्या कामाबद्दलचा त्यांचा तो पहिला प्रश्न. पोरीने घास खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. जेवण थंड झालं, पण कुणी तिला थांबवलं नाही.

तुमच्या घरातही असं कुणी जागत असेल. आज रात्री विचारून बघा. अल्लाह हाफिज.