सर, फक्त अर्धा तास!



एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत जयंती मंडळांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी किती, मंडप कोणाचा, डी.जे. लावायचा की नाही, यावर दोन रात्री वादावादी होते आणि सर्वांत शेवटी कोणाला तरी आठवण होते की, वक्ता ठरवायचा राहिला. मग एकजण म्हणतो, "अरे, आपले प्राध्यापक सर आहेत ना! घरचाच माणूस." चार कार्यकर्ते रात्री नऊ वाजता सरांच्या दारात उभे राहतात. सर नुकतेच ताटावर बसलेले असतात. "सर, जास्त नाही, फक्त अर्धा तास द्या."

आज या अर्ध्या तासाविषयी बोलायचे आहे. तो मागण्यात गैर काहीच नाही. ज्या समाजाला शतकानुशतके पाटीला हात लावू दिला नाही, त्या समाजाने आपल्यातून निघालेल्या प्राध्यापकाला मानाने बोलवावे आणि त्याचे दोन शब्द पोराबाळांच्या कानी पडावेत असे वाटून घ्यावे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या अर्ध्या तासाचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय?

समजा, सर डोंबिवलीला राहतात आणि कार्यक्रम चेंबूरला आहे. पत्रिकेवर वेळ छापलेली असते सायंकाळी सात. सर कॉलेजातून परस्पर निघून सातला हजर होतात, तेव्हा मंडपात खुर्च्या मांडणे चालू असते. साडेआठला त्रिशरण-पंचशील होते. मग देणगीदारांचे सत्कार, दहावीच्या मुलांचे सत्कार, अचानक आलेल्या पुढाऱ्याचा सत्कार आणि त्याचे 'दोन शब्द', जे कधीच दोन नसतात. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करण्याचा नियम, म्हणून हवालदार येऊन उभा. पावणेदहाला सूत्रसंचालक प्रमुख वक्त्यांचे नाव पुकारतो आणि कानात सांगतो, "सर, दहा मिनिटांत आटपा." शाल-पुष्पगुच्छ घेऊन सर घरी पोहोचतात तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे अर्ध्या तासाचे झाले पाच-साडेपाच तास. आदल्या दोन संध्याकाळी टिपणे काढण्यात गेल्या, त्या वेगळ्याच. सकाळी पहिला तास असतो, तो चुकत नाही.

घड्याळाची किंमत कामगाराला शिकवावी लागत नाही. आपल्या आजा-वडिलांची हयात गिरणीच्या भोंग्यावर गेली. एका खाड्याचे काय होते ते त्यांना विचारा. स्वतःच्या पाळीचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारे आपण सरांचा वेळ मात्र सार्वजनिक नळासारखा समजतो.

आणि जयंती काही १४ एप्रिलला संपत नाही, ती मे अखेरपर्यंत चालते. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ जानेवारीला सावित्रीमाई, ७ फेब्रुवारीला रमाई, २० मार्चला महाड, ११ एप्रिलला जोतिराव, मग वैशाख पौर्णिमा, २६ जूनला शाहू महाराज, पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिन, संविधान दिन, ६ डिसेंबर, २५ डिसेंबर. प्रत्येक दिवस महत्त्वाचा आणि प्रत्येक दिवशी तीन मंडळांची मागणी. याखेरीज नामकरण, मंगल परिणय, पुण्यानुमोदन. कोणाच्या कवितासंग्रहाला प्रस्तावना, कोणाच्या पोराच्या नोकरीसाठी शब्द, कोणाच्या भावाभावांच्या भांडणात मध्यस्थी. यातले सर्वच नाकारण्यासारखे नाही आणि सर्वच स्वीकारले तर माणूस शिल्लक राहत नाही.

एक बाब अनेक घरांत माहीत नसते, ती सांगायला हवी. आज महाराष्ट्रातल्या कॉलेजांत आपली कितीतरी हुशार मुले-मुली 'तासिका तत्त्वावर' शिकवतात. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली. जेवढे तास घेतले तेवढ्याच तासांचा मोबदला मिळतो. सुट्टीचा पगार नाही. म्हणजे एप्रिल-मेमध्ये, नेमक्या जयंतीच्या हंगामात, त्यांची मिळकत आटते. त्यांना आपण 'प्राध्यापक साहेब' म्हणून बोलावतो, हार घालतो आणि परतीचे रिक्षाभाडे विचारायचे विसरतो. तो तरुण संकोचाने बोलत नाही. नाक्यावरच्या मजुरालाही रोजाचे पैसे विचारताना लाज वाटत नाही. पण समाजाच्या कामाला पैसे कसे मागायचे, म्हणून हा गप्प बसतो. जाण्यायेण्याचे भाडे पाकिटात घालून देणे हे मंडळाचे काम आहे, त्याच्या तोंडून वदवून घेण्याचे नाही.

एखाद्या सरांनी "यंदा जमणार नाही" म्हटले की काय होते? पहिले वाक्य, "सर मोठे झाले." दुसरे वाक्य आग्र्याचे. १९५६ च्या मार्च महिन्यात आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे आणि ती प्राध्यापकाच्या तोंडावर फेकायला आपण वेळ लावत नाही. ती व्यथा खरी होती आणि आजही अनेकांना लागू आहे. पण ज्याने रविवारचे भाषण नाकारले तो समाजाचे ऋण बुडवणारा ठरतो काय? हे ठरवायला बाबासाहेबांचेच एक वर्ष पाहू.

ते वर्ष १९२०. बाबासाहेब त्या वेळी स्वतः प्राध्यापक होते. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत होते आणि लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पगारातून पैसे साठवत होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तिथे शाहू महाराजांनी भर सभेत त्यांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. मे अखेरीस नागपूरची परिषद झाली. चळवळ उभी राहत होती, लोक गावोगावहून हाका मारत होते, पत्र जेमतेम सहा महिन्यांचे होते. अशा वेळी जुलै १९२० मध्ये बाबासाहेब बोटीत बसून लंडनला निघून गेले.

विचार करा. त्या दिवशी त्यांची कोणाला गरज नव्हती? तरीही ते गेले. जवळची शिल्लक, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्या बळावर. परळच्या चाळीतला संसार रमाईच्या पदरात टाकून. तिथे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी., बॅरिस्टरी आणि रुपयाच्या प्रश्नावरचा तो जाडजूड ग्रंथ. १९२३ मध्ये परतले आणि जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, १९२७ मध्ये महाड. सायमन कमिशनपुढे आणि गोलमेज परिषदेत सरकारी आकड्यांना आकड्यांनी उत्तर देणारा जो माणूस उभा राहिला, तो त्या तीन वर्षांत घडला. 'मूकनायक'साठी थांबले असते, प्रत्येक परिषदेचे अध्यक्षपद घेत बसले असते, तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. पण आपल्याला काय मिळाले असते, याचा विचार करावा.

'नाही' म्हणण्याचा हा अधिकार धम्मातही नवा नाही. आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारात वर्षावास सुरू होतो, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरू नये, पिके आणि लहान जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली आणि भगवान बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. म्हणजे तीन महिने बाहेरची सर्व बोलावणी बंद? नाही. विनयपिटकात यातून वाट ठेवलेली आहे आणि ती वाचून चकित व्हायला होते. उपासक-उपासिकेने कामासाठी निरोप पाठवला तर भिक्खूने जावे, निरोप नसेल तर जाऊ नये, आणि सात दिवसांच्या आत परत आपल्या जागी यावे. पण एखादा भिक्खू आजारी पडला किंवा आई-वडील आजारी पडले, तर निरोपाची वाटही पाहू नये, उठून जावे.

एवढ्या नियमात सगळे आले आहे. कोणाच्या बोलावण्यावर जायचे, कोणाकडे न बोलावता जायचे आणि परत कधी यायचे. परत येण्याची मुदत ठरवली, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. आपले सर बाहेर पडतात ते परत टेबलाशी येतच नाहीत. अर्ध्यावर राहिलेले पुस्तक पाच वर्षे अर्ध्यावरच राहते.

माझ्या परिचयाचे एक प्राध्यापक मराठवाड्यात आहेत. नाव सांगितलेले त्यांना आवडणार नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत कालनिर्णय टांगलेले असते. महिन्याला दोन बाहेरचे कार्यक्रम, तिसरा नाही, हा त्यांचा नियम. कार्यकर्ते आले की ते भिंतीकडे बोट दाखवतात, "तुम्हीच बघा, कोणती तारीख मोकळी आहे?" दोन तारखांना लाल गोल झालेला असला की विषय संपतो. नियम भिंतीवर सगळ्यांना सारखा दिसतो, त्यामुळे आपल्यालाच नाकारले असे कोणाला वाटत नाही. संध्याकाळी सात ते दहा मोबाइल बंद असतो, ते लिहीत असतात. प्रस्तावना ते लिहीत नाहीत. कवितांची वही मात्र ठेवून घेतात आणि दिवाळीच्या सुट्टीत वाचून खरे मत सांगतात. ते ऐकून काही कवी पुन्हा आले नाहीत!

पण रविवारी सकाळी नऊ ते बारा त्यांचे दार सताड उघडे. कोणत्याही मुलाने, कोणत्याही आईबापाने यावे, ओळख लागत नाही. प्रवेशाचा अर्ज, जात पडताळणीचे कागद, बार्टीच्या शिष्यवृत्तीचे प्रपत्र, इंग्रजीची भीती, काहीही. वसतिगृहातून मुलाला काढले, प्रवेशाची शेवटची तारीख उद्या आहे, कुठे अत्याचार झाला, कोणी दवाखान्यात आहे, अशा वेळी तर वार आणि वेळ काहीच पाहायचे नाही.

त्यांची आणखी एक सवय आपण उचलण्यासारखी आहे. ते 'बघू' म्हणत नाहीत. आपल्या मराठीत 'बघू', 'प्रयत्न करतो', 'कळवतो' हे नकाराचे सभ्य शब्द आहेत. बोलणारा 'नाही' म्हणत असतो, ऐकणारा 'हो' ऐकून जातो. आठवड्याने सरांचे नाव पत्रिकेवर झळकते आणि मग मंडपात रिकामी खुर्ची, आणि वर्षभर अबोला. हे सर जागेवर सांगतात, "मी येणार नाही. पण माझी एक विद्यार्थिनी महाडवर अभ्यास करते आहे, तिला बोलवा, ती माझ्यापेक्षा चांगले बोलेल." पहिल्या वर्षी एका मंडळाने तोंड फिरवले. दुसऱ्या वर्षी तेच मंडळ जानेवारीतच कालनिर्णय बघायला आले.

एका गोष्टीवर मात्र सरांनाही बोलायला हवे. वस्तीला 'वेळ नाही' आणि शहरातल्या मोठ्या सभागृहात, दूरदर्शनच्या चर्चेत, विमानाचे तिकीट पाठवणाऱ्या चर्चासत्रात वेळच वेळ, असा ज्यांचा हिशेब आहे, त्यांनी वेळेच्या मर्यादेची भाषा करू नये. मर्यादा घालायची तर ती दोन्हीकडे सारखी घालावी. लाल गोल हा विहाराचाही धरावा आणि चर्चासत्राचाही.

प्राध्यापक भगिनींचे दुखणे याहून वेगळे आहे. ८ मार्च, ३ जानेवारी आणि रमाई जयंती म्हटले की सगळ्या मंडळांना एकदम बाई आठवतात. उरलेले वर्ष 'महिला वक्त्या' कोणालाच नको असतात. कार्यक्रम रात्रीचा. घरी पोहोचल्यावर सरांना ताट वाढलेले मिळते, बाईंना ओटा आवरायचा असतो. त्यांनी रात्रीचा कार्यक्रम नाकारला तर तो गर्व नव्हे. कार्यक्रम दुपारी तीनला ठेवा, वस्तीतल्या आया-बहिणीही मोकळेपणाने बसतील. आणि घरातल्यांनीही लक्षात घ्यावे की, बाई टेबलाशी बसून वाचतात तेव्हा त्या रिकाम्या बसलेल्या नसतात.

५ डिसेंबर १९५६ ची संध्याकाळ चरित्रग्रंथांत नोंदलेली आहे. दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी बाबासाहेबांची प्रकृती बरी नव्हती. त्या रात्रीही जैन समाजाचे प्रतिनिधी भेटीला आले होते आणि बाबासाहेब त्यांना भेटले. मंडळी गेल्यावर त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांच्यासाठी लिहिलेल्या पत्रांचे कागद मागवून घेतले. ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये. तो त्यांना पाहायला मिळाला नाही.

यंदा मंडळाची पहिली बैठक फेब्रुवारीत घ्या आणि त्याच बैठकीत वक्ता ठरवा. सरांकडे चारजणांनी नव्हे, एकानेच जावे, जेवणाची वेळ टाळून. तारीख, विषय आणि भाषण सुरू होण्याची खरी वेळ कागदावर लिहून न्या. सत्कार भाषणानंतर ठेवा. दुसरे एक नाव खिशात असू द्या, शक्यतो वस्तीतल्याच शिकणाऱ्या मुलीचे. आणि सरांनी "नाही" म्हटलेच, तर जाता जाता एवढे विचारा, "सर, सध्या काय लिहिताय?"

जयभीम.