संतुलनाचा उपदेश आणि रजा राखीवाचा हिशेब

परिचारिका दिनाच्या निमित्ताने दरवर्षी मे महिन्याच्या १२ तारखेच्या आगेमागे जी व्याख्याने होतात आणि जे लेख छापले जातात, ते बहुधा वाचून विसरण्याच्या योग्यतेचे असल्यामुळे त्यांच्यावर रागावण्याचे श्रम कोणी घेत नाही. परंतु यंदा एका व्यासंगी गृहस्थांनी परिचारिकेचे काम आणि तिचा संसार यांच्या संतुलनाविषयी जे निरूपण केले, ते इतके मधुर, इतके सर्वमान्य आणि वरकरणी इतके निरुपद्रवी आहे की त्याचा समाचार न घेता ते तसेच चालू देणे आम्हांस कर्तव्यच्युतीसारखे वाटते. कारण उघड दुष्ट विचाराविरुद्ध निदान तक्रार तरी नोंदवली जाते, गोड विचार मात्र परिपत्रकात शिरतो आणि मग तो कोणाच्या बापाला बाहेर काढता येत नाही.

गृहस्थांचे म्हणणे थोडक्यात असे. परिचारिकेचा व्यवसाय थोर आहे, म्हणून त्यात ताण असणारच. ताण हा मनाचा धर्म आहे, म्हणून त्यावरील उपायही मनातच शोधावयाचा. तिने दीर्घ श्वसन करावे, दिवसाचे वेळापत्रक वहीत लिहावे, घराच्या उंबरठ्यावर पादत्राणांबरोबर रुग्णालयही काढून ठेवावे, नवऱ्याशी व सासूशी मोकळेपणाने बोलावे, आठवड्यातून काही वेळ एखाद्या छंदास द्यावा. आणि इतके करूनही थकवा राहिलाच, तर आपल्या सेवाभावात कोठे उणीव राहिली याचे आत्मपरीक्षण करावे. या शेवटच्या वाक्यावर टाळ्या पडल्या असे आम्ही ऐकतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत परिचारिका किती होत्या हे कळण्यास मार्ग नाही. बहुतेकींची त्या वेळी ड्यूटी असावी.

किरकोळ आक्षेप आधी उरकून घेऊ. दीर्घ श्वसनास आमचा विरोध नाही. तथापि रात्रपाळीने बिघडणारे शरीराचे घड्याळ श्वासाने दुरुस्त होत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन शाखेने २००७ साली अशा पाळ्यांची गणना संभाव्य कर्ककारक गोष्टींत केली, ती काही परिचारिकांना श्वास घेता येत नाही म्हणून नव्हे. नवऱ्याशी बोलावे हे खरे. पण तो मॉर्निंगला निघताना ही नाइटहून परतत असेल तर संभाषण जिन्यातच होणार. छंदाला पैसे लागतात. आणि ५० खाटांहून लहान खाजगी रुग्णालयातसुद्धा परिचारिकेचे मासिक वेतन २०,००० रुपयांहून कमी असू नये, हे सुचवण्यासाठी या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून समिती बसवावी लागली. सेवाभावाविषयी पुढे बोलू.

आता मुख्य आक्षेप. प्रस्तुत लेखकाने परिचारिकेचा गणवेश कधी घातलेला नाही. परंतु एका शासकीय रुग्णालयाच्या आस्थापना शाखेत हजेरीपट, रजेचे अर्ज आणि मंजूर पदांचे तक्ते यांच्या सहवासात त्याची सारी नोकरी गेली आहे. त्या दप्तराच्या साक्षीने तो असे सांगू इच्छितो की, ज्यास हे गृहस्थ संतुलन म्हणतात ते परिचारिकेच्या अंतःकरणात नसून तक्त्याच्या एका रकान्यात असते, आणि त्या रकान्याचे नाव 'रजा राखीव' असे आहे.

हिशेब करून पाहावा. वर्षाचे दिवस ३६५. साप्ताहिक सुट्या ५२, किरकोळ रजा ८, अर्जित रजा ३०, मिळून ९०. सणवारांच्या शासकीय सुट्या, आजारपण आणि बाळंतपण तूर्त बाजूस ठेवू. उरले २७५ दिवस. परंतु रुग्णालय तर ३६५ दिवस चालते, दिवाळीच्या पहाटेही चालते, किंबहुना त्या पहाटे फटाक्यांमुळे अधिकच चालते. तेव्हा एक जागा बारा महिने भरलेली राहावयाची असेल तर तिच्यामागे एक परिचारिका पुरत नाही, एक आणि जवळजवळ तृतीयांश लागते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांत मूळ संख्येवर शेकडा ३० जादा पदे रजा राखीव म्हणून धरावीत असे म्हटले आहे, ते कोणाच्या दयाबुद्धीतून आलेले नसून या साध्या त्रैराशिकातून आलेले आहे.

याच मानकांत शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या सामान्य कक्षासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण आहे, आणि ते ऐकून सभागृहातील श्रोत्यांस फार उदार वाटते. पण ही संख्या तिन्ही पाळ्यांची मिळून असते हे सांगण्यास वक्ते विसरतात. म्हणजे एका पाळीत एकीच्या वाट्यास नऊ रुग्ण. ३६ खाटांच्या कक्षास या हिशेबाने १२ परिचारिका, आणि शेकडा ३० रजा राखीव धरून आणखी चार, मिळून १६ हव्यात. समजा, त्यांतील चार पदे रिक्त आहेत, आणि पदे रिक्त नसलेला तक्ता आमच्या उभ्या नोकरीत आम्ही पाहिला नाही. तर उरल्या १२. येथे कागदाची मौज सुरू होते. वरिष्ठ कार्यालयातून पत्र येते की एकास तीन प्रमाणे १२ हव्यात, १२ आहेत, मग तक्रार कसली? रजा राखीव ही जणू लोणच्याची फोड. पानात नसली तरी जेवण झाले असे समजावयाचे. परंतु या बारांपैकी चौथा हिस्सा रोज हक्काच्या सुटीवर असणारच. राहिल्या नऊ, पाळीस तीन, एकीस बारा रुग्ण. त्यांतील एक बाळंतपणाच्या रजेवर आणि एक तापाने पडली की सात. आणि सातांना तीन पाळ्यांत कसे बसवावे हे कोडे सिस्टर इनचार्ज दुपारी जेवणाचा डबा बाजूस सारून सोडवीत बसते.

ते कसे सुटते हे गृहस्थांनी एकदा पाहावयास हवे होते. प्रथम अर्जित रजेचा अर्ज 'स्टाफ कमी आहे' या शेऱ्यासह परत जातो. मग साप्ताहिक ऑफ पुढे ढकलला जातो व त्याच्या बदली सी.ओ., म्हणजे कॉम्पेन्सेटरी ऑफ, नावाची एक हुंडी मिळते, जी वटवण्यास कोणी सावकार नसतो, "भाऊसाहेब, माझे सी.ओ. किती झाले?" असे विचारणाऱ्या सिस्टरला "बघतो" असे उत्तर देण्यापलीकडे कारकुनाच्या हाती काही नसते. मग इव्हिनिंग संपवून पुढच्या पाळीला ओव्हर देऊन घरी गेलेलीला दुसऱ्या दिवशी मॉर्निंगला यावे लागते. मग डबल ड्यूटी. मुलीची परीक्षा, सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा दिवस, भाच्याचे लग्न, या सर्व गोष्टी त्या रिकाम्या चार पदांच्या तोंडी क्रमाक्रमाने जातात. आणि ज्या बाईचा संसार अशा रीतीने आस्थापनेच्या तुटीत भरणा म्हणून जमा करून घेतला, तिलाच सभागृहात बसवून वेळेचे नियोजन शिकवावयाचे! जिच्या पुढील आठवड्याच्या पाळ्या तिला आज ठाऊक नाहीत, तिने वहीत काय लिहावे?

गृहस्थांनी आपल्या निरूपणात दीपधारिणीचे स्मरण केले आहे, आणि त्या थोर स्त्रीचा जन्मदिवस असल्याने ते प्राप्तच होते. परंतु फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातील दिव्याशिवाय दुसरे काही न पाहण्याची शपथच जणू आपल्या वक्त्यांनी घेतलेली आहे. १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिकांसह त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या आणि दोन वर्षे पुरी होण्याच्या आत परतल्या. त्यापुढील दीर्घ आयुष्यात त्यांनी, पुष्कळसा काळ अंथरुणाला खिळूनही, जे केले ते तक्ते, आकडे, गटारे, हवेशीर खोल्या आणि सरकारी अहवाल यांचे काम होते. स्कुटारीत मृत्यूचे प्रमाण उतरले ते १८५५ च्या वसंतात तेथील गटारे उपसल्यानंतर. परिचर्येवरील त्यांच्या १८५९ च्या पुस्तकात किरकोळ व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचा मथितार्थ असा की, आपण हजर असताना जे होते ते आपल्या गैरहजेरीतही होईल अशी तजवीज करणे हीच व्यवस्था. रजा राखीवाचे याहून स्पष्ट समर्थन आमच्या शाखेतील कोणत्याही टिप्पणीत आढळले नाही. परिचारिका एक दिवस आली नाही तर कक्ष अडतो, याचे आपल्याकडे कौतुक होते. बाईंच्या मते ते कक्षाच्या बेशिस्तीचे लक्षण ठरले असते.

या वादाचे एक जुने रूपही येथे आठवते. पूर्वी दुसऱ्याच पंथाचे पंडित असत. त्यांस संतुलनाची काळजी नव्हती, कारण तराजूचे एक पारडेच काढून टाकावे असे त्यांचे मत होते. परिचारिका ही अविवाहितच असावी, संसार आणि शुश्रूषा एका म्यानात राहत नाहीत, असे ते सांगत. त्यांच्याशी आम्ही पुष्कळ वाद घातले आणि ते मत काळाच्या उदरात गडप झाले असे मानून स्वस्थ बसलो. पण सैन्याच्या परिचर्या सेवेत १९७७ च्या एका सूचनेने विवाह हे सेवामुक्तीचे कारण ठरवले होते, १९८८ साली एका अधिकारी परिचारिकेस विवाह केला म्हणून घरी पाठवण्यात आले, सूचना मागे घेतली गेली ती १९९५ मध्ये, आणि त्या बाईंना ६० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २०२४ च्या फेब्रुवारीत. योगायोग असा की त्याच १९७७ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने परिचर्या कर्मचाऱ्यांविषयी एक करार आणि एक शिफारस संमत केली. शिफारशीत दोन पाळ्यांमध्ये किमान १२ तासांची विश्रांती असावी आणि कौटुंबिक आयुष्याची आखणी करता यावी इतक्या आधी पाळ्यांची सूचना मिळावी असे म्हटले आहे. करारास भारताने अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. दीर्घ श्वसनास मात्र आपण तत्काळ अनुसमर्थन देतो.

दुसरा जुना वाद वेठीस धरण्याचा. पदे बाह्यस्रोताने भरण्याच्या धोरणाविरुद्ध २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांनी काम थांबवले, तेव्हा रुग्णांना वेठीस धरल्याचा आक्रोश ज्यांनी केला, त्यांतील एकासही रिक्त पदांनी रुग्णांना बारमाही वेठीस धरल्याचे तत्पूर्वी दिसले नव्हते. आणि सेवाभाव? १९७३ च्या नोव्हेंबरात परळच्या एका रुग्णालयात एक परिचारिका तळघरात कपडे बदलत असता तिच्यावर निर्घृण हल्ला झाला. २०१५ च्या मे महिन्यात तिचा मृत्यू होईपर्यंत त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. हल्ल्यानंतर काम बंद ठेवून सुरक्षिततेची मागणी करणाऱ्या आणि नंतर चार दशके तिचे अंथरूण बदलणाऱ्या या एकाच वर्गातील स्त्रिया होत्या. सेवाभावाच्या आत्मपरीक्षणाचा उपदेश यांना करण्यापूर्वी ड्यूटी संपल्यावर कपडे बदलण्यास सुरक्षित खोली आहे की नाही, याचे परीक्षण व्यवस्थापनाने करावे.

खंडन झाले, आता मंडन विचारले जाईल, आणि ते आम्ही लांबवणार नाही, कारण आमच्या मागण्यांत काव्य मुळीच नाही. रजा राखीव पदे मूळ पदांत न मिसळता वेगळी दाखवावीत, आणि त्यांतील रिक्तता वेगळी कळवावी, म्हणजे १२ वर १२ चा खेळ बंद होईल. पाळीपत्रक महिना सुरू होण्यापूर्वी लावावे व ते आणीबाणीवाचून बदलू नये. बदलल्यास कारण लेखी नोंदवावे. इव्हिनिंगनंतर मॉर्निंग लावू नये. सी.ओ. ठरावीक मुदतीत मिळाला नाही तर त्याचे वेतन द्यावे. इंडेंट, साठ्याच्या नोंदवह्या, डाएटच्या याद्या ही कामे आम्हां कारकुनांकडे द्यावीत. आम्ही कुरकुर करू, पण करू. ५० अथवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची तरतूद कायद्यात २०१७ पासून आहेच. ते दहा ते सहा न उघडता सकाळच्या पाळीपूर्वी उघडावे. यापलीकडे परिचारिकेने आपल्या घरी काय करावे, हसावे की भांडावे, गाणे शिकावे की भिंतीकडे पाहत बसावे, हा तिचा खाजगी प्रश्न असून त्यात व्यवस्थापनाने वा व्याख्यात्याने लुडबूड करू नये.

यावर गृहस्थ म्हणतील की हे सर्व ठीक, पण त्यास पैसा कोठून आणावा? हे उत्तर आम्ही आनंदाने स्वीकारू, कारण ते निदान उत्तर आहे. पैसा नाही असे म्हटले की अंदाजपत्रक उघडता येते, कोणत्या बाबीवर किती खर्च झाला ते विचारता येते, पुढील वर्षी किती पदे भरणार याचे लेखी आश्वासन मागता येते आणि ते मोडल्यास दाद मागता येते. नाकाने श्वास घ्या असे सांगणाऱ्याकडे यांतले काहीच मागता येत नाही. आणि व्यवस्थापनास तो प्रिय वाटतो तो बहुधा याच कारणाने.